कुदळेनानांचा चौथा थर

आमच्या कंपनीत पिवळ्या खोलीत जायचं असेल तर आधी कुदळेनानांना डोकं हुंगू द्यावं लागतं. हे नियमावलीत कुठंही लिहिलेलं नाही. नियमावली एवढंच सांगते की हात धुवा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवा आणि हवेच्या झोताखाली अर्धा मिनिट उभे राहा. पण शिफ्ट सुरू होताना, सूट चढवायच्या आधी, दाराशी स्टुलावर नाना बसलेले असतात. ते मान पुढे करतात, आपणही करायची. मग ते एक लांब श्वास घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात.

"खोबरेल हाय. धुऊन या."

मी मूळची बार्शीची. आमच्याकडे मान वाकवायची ती देवापुढे, नाहीतर केस धुवायला. क्वालिटी इंजिनियर म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी एका अनोळखी माणसाने माझं डोकं हुंगलं आणि मला सरळ बेसिनकडे पिटाळलं, तेव्हा मी तक्रार करायला प्लांट हेड राजेगावकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, मलाही गेल्या महिन्यात परत पाठवलंय. घरी सत्यनारायण होता, कपाळाला बुक्का राहिला होता. म्हणे, देव भायेरच बरा." मी निमूटपणे केस धुऊन आले.

आमची कंपनी उरवड्यात, पिरंगुटहून आत वळलं की दिसणाऱ्या शेडांपैकी एका शेडमध्ये. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की इथं पत्र्याचे डबे बनत असतील. आम्ही मुगाच्या डाळीएवढी चिप बनवतो, जी पंपात किंवा इंजिनात बसून आत दाब किती आहे ते सांगते. बशीएवढ्या चकचकीत सिलिकॉनच्या चकतीवर अशा शेकडो चिपा एकदम छापतात, आणि छापतात त्या उजेडाने. एकावर एक असे सहा थर. छापील साडीवर एखादा रंग सरकला की पाकळी देठापासून सुटते, तसंच इथंही होतं. फक्त इथं सरकलेलं डोळ्याला दिसत नाही आणि चिप मरते. पांढरा उजेड त्या चकतीवरच्या रसायनाला चालत नाही, म्हणून ती खोली कायम पिवळी. आणि धुळीचा एक कण पडला तरी घात होतो, म्हणून नानांचं नाक.

"कण हाय" हा नानांचा सगळ्या जगावरचा शेरा होता. चहात साखर जास्त झाली, कण हाय. पुढाऱ्याने भाषण लांबवलं, कण हाय. पुतण्याच्या सासऱ्याबद्दल मी सहज विचारलं तर म्हणाले, "मानूस बरा हाय, पर कण हाय." उलट एखाद्याची स्तुती करायची झाली तर ते फक्त "साफ हाय" म्हणत. तेवढा मान अख्ख्या उरवड्यात फार थोड्यांना मिळाला असेल.

नाना उरवड्याचेच. भावाने जमीन विकून रस्त्याच्या कडेला भाड्याच्या खोल्यांची रांग बांधली होती, त्यातली शेवटची खोली नानांची. मी एकदा गेले होते. दारात चिकट कागदाची चटई, चपलेची धूळ धरून ठेवणारी, कंपनीतून बाद झालेली. आत पिवळी ट्यूब. पांढऱ्या उजेडात त्यांचे डोळे म्हणे 'बिघडायचे'. शेजारच्या खोल्यांत नवीन बिऱ्हाड आलं की पिवळा उजेड बघून हमखास चौकशी व्हायची, की शेवटच्या खोलीत हळद कुणाची आहे? हळद कुणाचीच नव्हती. नानांचं लग्न झालंच नाही. एकदा मुलगी बघायला गेले होते, तिथं पोह्यांच्या आधी त्यांनी खिशातून कंपनीचा बिनधाग्याचा रुमाल काढून बशी पुसली. मुलीच्या आईने पोहे आत नेले ते परत आणलेच नाहीत. ही गोष्ट नाना स्वतः सांगत आणि शेवटी म्हणत, "बशीत कण व्हता, त्याला मी काय करू?"

अठ्ठावीस वर्षं ते एकाच मशीनवर बसले. त्या मशीनला ते म्हातारी म्हणायचे. काम म्हटलं तर सोपं. दुर्बिणीसारख्या भिंगात डोळे घालायचे. खालच्या थरावर एक बारीकसा चौकोन असतो, वर येणाऱ्या थरावर एक अधिकचं चिन्ह. दोन्ही हातांनी दोन बटणं फिरवून ते चिन्ह चौकोनाच्या बरोबर मध्ये आणायचं, की मग उजेड सोडायचा. आम्ही इंजिनियर लोक हे करायला बसलो की दहा मिनिटांत मान आखडते. नाना एका चकतीला पाऊण मिनिट घ्यायचे, आणि तोंडाने म्हातारीला "जरा दमानं, जरा दमानं" चालूच.

सहापैकी पाच थर ते इतर ऑपरेटरांना करू देत. चौथा मात्र नाही. "चौथा थर माझा," म्हणायचे, आणि कारण विचारलं तर "हात लागतुया त्याला" यापलीकडे काही नाही. चौथ्या थराच्या दिवशी त्यांनी कधी रजा घेतली नाही. पुतण्याच्या लग्नाचा मुहूर्त काढायला गुरुजी आले तेव्हा नानांनी पंचांगाशेजारी आमच्या लॉटचं वेळापत्रक उघडून ठेवलं होतं, आणि गुरुजींनी काढलेल्या दोन तारखा खोडून काढल्या. कंपनीची सहल कासारसाईच्या धरणावर गेली तर हे बसच्या काचा लावून आत बसलेले, कारण दुसऱ्या दिवशी चौथा थर होता आणि धरणावर वारं होतं. त्यांची आई गेली, तेव्हा दहाव्याचे विधी सकाळी आटपून दुपारी दीडला ते कामावर हजर. डोक्याचा गोटा केलेला. नानाच म्हणाले, "आता केसाचा बी कण न्हाई," आणि सूट चढवून आत गेले. तेव्हा आम्ही कौतुकाने हसलो होतो.

मग यंदा नवं मशीन आलं. परदेशातून पाच पेट्यांत आलं, दारातून मावेना म्हणून भिंत फोडावी लागली, आणि भिंत फोडली तो आठवडाभर नाना सुतकात असल्यासारखे वावरले. हे मशीन स्वतःच चिन्ह शोधतं, स्वतःच चौकोनात बसवतं, डोळे नकोत की बटणं नकोत. नाना त्याला पाव्हणी म्हणू लागले. त्यांनी तिचा काही राग केला नाही, उलट बसवायला आलेल्या इंजिनियरला रोज घरचं ताक आणून दिलं. पहिले तीन थर पाव्हणीने असे काही छापले की मी भिंगातून बघून खूश झाले. नानांनीही बघितलं. "साफ हाय," म्हणाले. पण चेहरा उतरलेला.

त्या दुपारच्या मीटिंगमध्ये नाना कधी नव्हे ते उभे राहिले.

"सायेब, तीन थर केलं पाव्हणीनं. पाचवा-सहावा बी करू द्या. चौथा तेवढा म्हातारीवर ऱ्हाऊ द्या."

राजेगावकर म्हणाले, "अहो नाना, म्हातारी पुढच्या आठवड्यात भंगारात चालली. आणि पाचच थर करायला का एवढं मशीन आणलं?"

"चौथ्याला हात लागतुया, सायेब."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा," साहेब माझ्याकडे बघत म्हणाले. मीही संधी सोडली नाही. म्हटलं, "नानांना म्हातारीशिवाय करमत नाही, म्हणून भांडतायत." सगळे हसले. नाना खाली बसले. ते माझं वाक्य मला अजून टोचतं.

पाव्हणीने चौथा थर छापला. पुढचे दोनही झाले. आणि टेस्टिंगला जवळजवळ सगळा लॉट नापास झाला. दुसरा लॉट केला, तोही नापास. मशीनचा इंजिनियर शपथेवर सांगत होता की मशीनने चिन्ह चौकोनात बरोबर मधोमध बसवलंय, आणि ते खरंच होतं. मी रसायन तपासलं, भट्टी तपासली, पाणी तपासलं. चार दिवस माझं जेवणाकडे लक्ष नव्हतं.

पाचव्या दिवशी साहेबांनी दार लावून घेतलं. "मॅडम, सकाळी सगळ्यांच्या आधी कोण येतं? नाना. मशीन नको कुणाला होतं? नानांना. शुक्रवारपर्यंत मला कारण द्या. त्यांनी काही केलं असेल तर मी चौकशी लावणार आणि घरी पाठवणार. पुढच्या वर्षी रिटायर होतायत वगैरे मी बघणार नाही."

नाना असं काही करणार नाहीत हे मला माहीत होतं, पण माहीत असणं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही. मग मला सुचलं ते खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी एक जुनी, पास झालेली चकती आणून नव्या नापास चकतीशेजारी भिंगाखाली ठेवली. नव्या चकतीवर चौथ्या थराचं चिन्ह चौकोनाच्या अगदी मध्यावर. जुन्या चकतीवर ते उजवीकडे सरकलेलं, चौकोनाच्या भिंतीला टेकलेलं. म्हणजे नानांनी चुकीचं बसवलेलं, आणि चिप चालू. मशीनने बरोबर बसवलेलं, आणि चिप मेलेली.

स्टोअरमध्ये दरवर्षीच्या नमुन्याच्या चकत्या ठेवलेल्या असतात. मी एकेक काढत गेले. मागच्या वर्षीची, पाच वर्षांपूर्वीची, दहा, पंधरा. प्रत्येक चकतीवर चौथं चिन्ह उजवीकडे तेवढंच सरकलेलं. केसाच्या जाडीचे पन्नास भाग करून त्यातला एक घ्यावा, एवढंच. एकोणीस वर्षांपूर्वीच्या, या डिझाइनच्या पहिल्या लॉटपर्यंत हेच. तेव्हा कुठं मी मूळ आराखडा उघडला. चूक तिथं होती. चौथ्या थराचा नकाशा काढताना चिन्हच उजवीकडे सरकून काढलं गेलं होतं. चिन्हावर भरवसा ठेवला की खालची-वरची नक्षी जुळत नाही. नाना चिन्हावर भरवसा ठेवत नव्हते, इतकंच. आराखड्याच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव होतं: व्ही. देवकुळे.

नाना कँटीनमागच्या नळावर डबा धूत होते. मी आराखड्याचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही, हात ओले होते. नुसतं वाचलं आणि म्हणाले, "घावलं का तुमाला."

"नाना, हे देवकुळे कोण?"

"बाई व्हत्या. तुमच्यासारक्याच. कालिजातनं थेट हितं आल्या. पयलंच डिजान त्यांचं."

मग ते कट्ट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. पहिल्याच लॉटला भिंगातून बघताना त्यांना दिसलं, की खूण बसली तर नक्षी बसत नाही. देवकुळेबाई तेव्हा प्रोबेशनवर होत्या. त्यांच्या आधीच्या मुलाला अशाच एका चुकीसाठी तेव्हाच्या साहेबांनी महिन्याच्या आत घरी बसवलं होतं, कारण थराचा नकाशा कोरलेली नवी काच बनवायची तर खर्च मोठा आणि वेळ त्याहून मोठा. "बाई खिडकीच्या काचंपल्याड हुब्या. हाताची बोटं नुसती चावत हुत्या. म्हनलं, एवढंसं तर हाय. हातानं सरकवलं. लॉट पास झाला."

"आणि नंतर सांगितलं नाही?"

"सांगनार व्हतो. पर दोन वर्षांनी त्यांचं लगीन ठरलं, बंगळुराला निगाल्या. जाताना हितंच चहापान झालं. बाई बोलाया उठल्या. म्हनल्या, माझं पयलं डिजान, आन एक चूक निगाली न्हाई. लई खूश हुत्या, ताई. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या."

मी कागदाची घडी घातली. "अहो पण त्या गेल्यावर तरी सांगायचं. त्यांचं काय बिघडलं असतं? आजही काही बिघडणार नाही. त्या कुठल्या कुठं मोठ्या पदावर असतील."

"मानूस गेल्यावर त्याच्या मागं त्याचं नाव खराब करायचं? आमच्यात तसं न्हाई." मग डब्याचं झाकण लावत, "आन कुनीतरी कळवलंच असतं त्यांना. त्यांना वाईट वाटलं असतं की."

एका बाईला वाईट वाटू नये म्हणून एकोणीस वर्षं या माणसाने लग्नाचे मुहूर्त फिरवले होते, आणि आईच्या दहाव्याला गोटा करून कामावर आला होता. आम्ही त्याला विक्षिप्त म्हणत होतो. मी भीतभीतच विचारलं, "नाना, त्या तुम्हाला आवडायच्या का?"

"त्यांनी पयल्याच दिवशी मान वाकवली," नाना म्हणाले. "हसून. कुरकुर न्हाई, काय न्हाई. दुसऱ्या दिवसापासनं केसाला तेल न्हाई. आन रोज विचारायच्या, कुदळे, जेवलात का. तेवढंच. यात आता कण काढू नका, ताई."

मी काढला नाही. पण शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता, आणि माझ्या फॉर्मवर 'मूळ कारण' असा रकाना होता. तो रकाना मी आजवर कधी खोटा भरलेला नव्हता; त्यावरून कंपनीत माझी थट्टाही व्हायची. नानांनी तो फॉर्म बघितला होता. म्हणाले, "माझी सवय लिवा. नानाला तिरकं बसवायची खोड हुती म्हनून. सायेब मला वळखत्यात, लगीच पटंल."

"नाना, साहेब तुम्हाला फाडून खातील."

"खाऊ द्या. मला काय कुटं बंगळुराला जायचंय."

रात्रभर नांदे गावातल्या घरी मी कूस बदलत राहिले आणि सकाळी लिहिलं: ऑपरेटरच्या सवयीमुळे पुढची सगळी प्रक्रिया सरकलेल्या चौथ्या थरावर बेतली गेली आहे, म्हणून नव्या मशीनलाही तेवढाच फरक द्यावा. वाचायला अगदी शास्त्रीय वाटत होतं. खाली सही केली. आराखड्याबद्दल एक अक्षर नाही.

साहेबांना पटलं, फारच लवकर पटलं. त्यांनी नानांना बोलावलं, दार उघडंच ठेवलं. "एकोणीस वर्षं तुम्ही वाकडं काम करत होता! आम्ही कौतुक करायचो, नानांचा हात, नानांचा हात. हा हात?" बाहेर टेस्टिंगची सगळी पोरं ऐकत होती. नाना टोपी हातात धरून उभे. "व्हय सायेब. चुकलं," एवढंच दोनदा म्हणाले. ताकीदपत्र मिळालं, त्यावर त्यांनी सावकाश, वळणदार सही केली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि तोंड उघडलं नाही. नानांनी मला तशी शपथच घातली होती, पण म्हणून काही मला बरं वाटलं नाही.

मी मशीनमध्ये तो आकडा भरला. पुढचा लॉट उत्तम निघाला. म्हातारीला टेम्पो येऊन घेऊन गेला, तेव्हा नाना बाहेर आले नाहीत. आता चौथा थर असो नाहीतर पहिला, पाव्हणी बटणावर करते. नाना दाराशी स्टुलावर बसतात, पोरांची डोकी हुंगतात, आणि पोरं आपसात खुसखुसतात, कारण तिरकं काम करणारे ते हेच, असं आता सगळ्यांना माहीत झालंय.

परवा शिफ्ट सुटल्यावर ते बसथांब्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांना खरं तर बस लागत नाही, घर समोरच आहे.

"ताई, लाइट गेली तर त्यो आकडा ऱ्हातुया का मशिनीत?"

"राहतो, नाना. जपून ठेवलेला असतो."

"आन ही बाद झाली, दुसरी आली, तर?"

"फाइल तशीच तिकडे जाते."

"तितं काय लिवलेलं हाय का, कशापायी हाय म्हनून?"

"नाही. नुसता आकडा आहे. कुणाला काही कळणार नाही."

नानांनी मान हलवली. "मंग बरं झालं," म्हणाले. "मी नसलो तरी बाईंचं निभंल आता."

मला वाटलं संपलं. पण ते उठले नाहीत. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवलेले होते, आणि बोटं हळूहळू फिरत होती.

"आता सकाळी उठून मी कशाला यायचं, ते तेवढं बघाया पायजे," ते म्हणाले.

माझी बस आली, मी ती जाऊ दिली आणि विचारलं, "नाना, जेवलात का?"